आपसूक उगवलेला वेल

"उपटलास का गो तो वेल?"

द्वारकाकाकूंचा आवाज घराला वळसा घालून मागच्या परड्यात आला आणि माझ्या हातातलं खुरपं जागच्या जागी थबकलं.

"उपटला, काकू," मी ओरडून सांगितलं.

उपटला नव्हता. गायरीच्या, म्हणजे शेणकचऱ्याच्या खड्ड्याच्या कडेला तो माझ्यासमोर धडधाकट उभा होता. दुधी भोपळ्याचा वेल, चांगला तीन हात लांब. कोणी लावला नव्हता, कोणी राख टाकली नव्हती, तरी त्याचं एक पान किडलेलं नव्हतं. मी त्याच्यावर करवंदीच्या दोन फांद्या आडव्या टाकल्या आणि हात धुवायला विहिरीवर गेले. छाती धडधडत होती. मला खोटं बोलायची सवय नव्हती आणि काकूंशी खोटं बोलायची हिंमत तर अजिबात नव्हती. आज या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी ते "उपटला, काकू" मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

मी मूळची मंगळवेढ्याची. आमच्याकडे पाऊस हा पाहुणा, आला तर आला. तेविसाव्या वर्षी प्राथमिक शिक्षिका म्हणून माझी नेमणूक कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात झाली आणि मी भित्री आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं. मला तिथल्या सापांची भीती वाटायची, शेवाळलेल्या पायऱ्यांची वाटायची, तरीच्या होडीची तर इतकी की खाडी ओलांडताना मी डोळे मिटून घ्यायची. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटायची ती माझ्या घरमालकीणबाईंची.

द्वारका खातू. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरचा गणपती दिरांकडे वरच्या वाडीत. काकू या घरात एकट्या, आणि मागच्या खोलीत भाड्याने मी. त्या फार बोलत नसत, आणि जे बोलत त्यातलं निम्मं माझ्या चुका दाखवण्यात जाई. केर काढला तर कोपरा राहिला, भात केला तर गिचका झाला. मी दर रविवारी बदलीचा अर्ज लिहायला घ्यायची आणि दर रविवारी फाडून टाकायची.

त्या वर्षी ज्येष्ठात काकू विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने परड्यात पाऊल टाकायचं नाही. काकू रडल्या नाहीत. ओटीवर बसून त्या नुसत्या मागच्या दाराकडे बघत राहिल्या.

"एवढं काय, काकू," मी म्हणाले. "भाजी बाजारातून आणू की."

"बाजारातली भाजी ऋषीला चालते?" त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी ऋषिपंचमीची भाजी माझ्या परड्यातली केली. नवरा आजारी होता तेव्हा पण केली. बैलानं नांगरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी तोंडात घालायचं नाय. आपल्या हातानं खणायचं, आपल्या हातानं पेरायचं. यंदा चुकणार असं दिसतंय."

त्यांचा आवाज जरासा हलला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं आणि मी घाबरले. घाबरले की मी नको ते बोलून बसते.

"मी करीन," मी म्हणाले.

काकूंनी माझ्या हातांकडे बघितलं. "तू?"

दुसऱ्या दिवशी मी वाफे केले. माझे वडील करायचे तसे, खोलगट, भोवती मातीचा बांध घालून, म्हणजे पाणी वाहून जाणार नाही. त्यात भेंडी पेरली, माठ पेरला, दुधीच्या बिया खोचल्या. आठ दिवसांत सगळ्या वाफ्यांची डबकी झाली आणि डबक्यांत बेडकांची पिल्लं पोहायला लागली.

काकू खिडकीतून बघत होत्या. "हे काय गो? न्हाणी बांधलीस?"

"आमच्याकडे पाणी अडवतात, काकू."

"तुमच्याकडे पाणी येत नाय म्हणून अडवता. हयसर पाण्याला वाट काढून द्यायची. माती वर उचल, गुडघ्याएवढी. मुळाला श्वास नको?"

मग त्या तीन महिन्यांत मी जे शिकले ते शिव्या खात शिकले. उंच गादीसारखे वाफे, मधून चर, वर पातेऱ्याचं, म्हणजे वाळल्या पानांचं पांघरूण म्हणजे पावसाच्या माऱ्यानं माती उडत नाही. पहाटेच्या दवात पानांवर राख. पडवळाच्या टोकाला सुतळीनं खडा बांधायचा, नाहीतर ते आकडेबाज होतं. कोथिंबिरीचा नाद सोडायचा, ती कोकणच्या पावसात टिकत नाही. त्याऐवजी पानओवा आणि गवती चहा लावायचा, ते मेले म्हणता मरत नाहीत. काकू मागच्या खिडकीतून काठी आपटत सांगायच्या आणि मी चिखलात गुडघे टेकून ऐकायची. का, हे त्या कधी सांगत नसत आणि मी कधी विचारत नसे. विचारलं की त्या म्हणायच्या, "एवढं पण कळत नाय?" आणि ते ऐकायची मला धास्ती होती.

त्यांचे काही हुकूम तर अगदी ठरलेले. गायरीवर, कुंपणाला, कुठंही आपसूक भोपळ्याचा वेल उगवला तर तो उपटायचा. काकडी, पडवळ, दुधी चिरताना एक काप जिभेवर ठेवून बघायचा. हे दोन्ही मला पाठ होते.

पण श्रावणात पाऊस असा लागला की पंधरा दिवस ऊन दिसलं नाही. मांडवावरच्या माझ्या दुधीला फुलं यायची आणि गळून पडायची. काकूंनी सांगितलं, पावसात माशा फिरकत नाहीत, तूच माशी हो. म्हणून संध्याकाळी ती पांढरी फुलं उमलली की नराचं फूल तोडून मी मादीच्या फुलावर टेकवायची, छत्री मानेत धरून. तीन फळं धरली. तिन्ही अंगठ्याएवढी होऊन कुजली. मग वेलच मुळातून सडला.

त्याच आठवड्यात गायरीच्या कडेचा वेल मला दिसला. काकूंना मी सहज सांगून बसले, आणि त्यांनी उपटायला सांगितलं.

मी उपटणारच होते. पण आदल्याच संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, ऋषीच्या भाजीत सगळ्यात चांगलं काय. त्या म्हणाल्या होत्या, "हातानं पेरलेलं चांगलं. आपसूक उगवलेलं त्याहून चांगलं. माणसाचे पण कष्ट नाय, बैलाचे पण नाय. ऋषी रानात तेच खायचे." आणि माझ्यासमोर आपसूक उगवलेला, ठणठणीत, कळ्यांनी भरलेला वेल होता. मग तो का उपटायचा? हे विचारायला ओटीवर चार पावलं जायचं होतं. तेवढं धाडस मला झालं नाही. फांद्या टाकल्या आणि खोटं बोलले.

भाद्रपद लागला. काकूंचं प्लास्टर निघालं होतं, पण पाय काठीसारखा झालेला. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायच्या. चतुर्थीच्या संध्याकाळी त्यांनी मला पुढ्यात बसवून भाज्या मोजून घेतल्या. अळू होतं, माठ होता, भेंडी होती, अळूचे गड्डे, म्हणजे अळकुड्या होत्या, मक्याची दोन कणसं होती, पडवळ एकच पण लांबलचक.

"भोपळा?"

"आहे, काकू. एक आहे."

"मांडवावरचा? तो सडला म्हणालीस ना?"

"एक वाचला होता."

काकूंनी तो हातात घेतला, नखानं टोचून बघितला, वजन केलं. "कोवळा हाय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ तो मांडीवरच राहिला त्यांच्या. "सत्तावीसची अठ्ठावीस झाली म्हणायची." त्या हसल्या. मी त्या घरात दीड वर्ष होते आणि त्यांचे पुढचे दोन दात जवळजवळ आहेत हे मला त्या संध्याकाळी दिसलं. मला इतका आनंद झाला की खोट्याचं ओझं मी विसरूनच गेले.

पंचमीला सकाळी मी न्हाऊन भाजी चिरायला बसले. दुधी आतून पांढराशुभ्र निघाला. मी एक काप उचलला, सवयीनं, आणि ओठापर्यंत नेला.

"उष्टं करू नकोस गो," माजघरातून काकू म्हणाल्या. त्या पूजेचं तबक मांडत होत्या. "आज नैवेद्य हाय. आधी देवाला, मग आपल्या जिभेला."

मी काप परत ताटात टाकला.

भाजीला फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, चिंच, मीठ, शिजत आल्यावर ओलं खोबरं. सोबत वरीचा भात. पूजा झाली, नैवेद्य झाला, एक वाजला. काकूंचा आदल्या रात्रीपासून उपास. मी केळीच्या पानावर वाढलं आणि समोर बसून राहिले. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

त्यांनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"कशी झालीय, काकू?"

त्यांनी घास गिळला. "बरी झालीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला माती मानवली हो."

बरी झालीय, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी पान साफ केलं. मग म्हणाल्या, "आणखी वाढ." मी वाढली. त्यांनी तीही संपवली, आणि पुन्हा पान पुढे केलं. पातेल्यात तळाला थोडी उरली तेव्हा मी विचारलं, शेजारी रखमाजीच्या घरी वाटीभर द्यायची ना. दर वर्षी देतात हे मला ठाऊक होतं.

"नको," काकू म्हणाल्या. "यंदा नको. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती, जेवणं उशिरा. तू पण भाताबरोबर दही खा, भाजी राहू दे." आणि भिंत धरून त्या आत आडव्या झाल्या.

मी दही काढलंच नाही. उरलेली भाजी पानात घेतली. पहिला घास जिभेला लागला आणि माझं अख्खं तोंड आतून आवळलं. कारल्याचा कडूपणा नव्हता तो. कारल्याला चव असते. हे नुसतं औषधासारखं, घशात जाऊन चिकटणारं. मी न्हाणीत जाऊन थुंकले, चुळा भरल्या, तरी ते जाईना.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला आजही लाज वाटते. काकूंना काय होईल, हे नाही आलं. वेल उपटला नव्हता हे आता उघडं पडेल, हे आलं. मी पातेल्यातली आणि पानातली भाजी गायरीत टाकली, वर शेण लोटलं, पातेलं घासून पालथं घातलं. आणि मग उभी राहून विचार केला, की बाईंनी हे तीनदा मागून खाल्लं कसं? उपाशी माणसाला चव कळत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

अर्ध्या तासानं आतून ओकारीचा आवाज आला.

पहिली उलटी झाली तेव्हा काकू म्हणाल्या, पित्त. दुसरी, तिसरी. मग पोट धरून त्या चटईवर कलल्या आणि कण्हायला लागल्या. जुलाब सुरू झाले. मी लिंबाचं पाणी दिलं, ते बाहेर आलं. अडीच वाजेपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर गार घाम आला होता.

"काकू, डॉक्टरकडे जाऊया."

"सण हाय. कोण नेतंय." त्यांचा आवाज आतून कुठूनतरी येत होता.

मी धावत धक्क्यावर गेले. दीड दिवसाचे गणपती भरतीला पोचवायचे म्हणून सगळा गाव तिथं जमलेला, ढोल चाललेले. तरीवाला रखमाजी कमरेइतक्या पाण्यात उभा, डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती.

"रखमाजीदादा," मी पाण्यात शिरत म्हणाले. "काकूंचं बरं नाही. पलीकडे न्यायला हवं, आत्ता."

त्यानं मान वळवली. "वयनींना काय झालं?"

"उलट्या. फार आहेत."

"देव डोक्यावर हाय, बाई. आरती झाली की लगेच. दोन मिनिटं."

ती आरती मी कधी विसरणार नाही. लोक शांतपणे टाळ्या वाजवत होते आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मनात म्हणत होते, मी मारलं त्यांना. मी मारलं. देवाकडे मागायचं काय, तर काकू वाचू देत, हे मागायला हवं होतं. मी तेही मागितलं, पण त्याच्या पाठोपाठ मनात येत होतं, की कुणाला कळू नको देऊ.

रखमाजीनं आणि त्याच्या भावानं आरामखुर्चीला बांबू बांधले, काकूंना त्यात बसवलं आणि होडीत ठेवलं. खाडी ओलांडताना त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि त्यांचा श्वास चालू आहे का, हे मी मोजत होते.

पलीकडे डॉक्टर दळींचा छोटा दवाखाना होता. तरुण माणूस, सणाचा पण दार उघडं ठेवून बसलेला. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं, जीभ बघितली.

"काय खाल्लं होतं यांनी?"

मी म्हणाले, "उपास होता. ऋषिपंचमी. वरीचा भात आणि भाजी."

"भाजी कसली?"

"ऋषीची. घरचीच. परड्यातली."

"त्यात काही वेगळं? आळंबी वगैरे? फवारलेलं काही?"

"नाही," मी म्हणाले.

काकूंनी डोळे किलकिले केले. "पित्त हाय माझं, डॉक्टर. जुनं," त्या म्हणाल्या. "उपासाच्या पोटी जास्त जेवले, झालं."

डॉक्टरांनी मान हलवली. सणासुदीला असे पाच तरी येतात, म्हणाले. एक इंजेक्शन दिलं, पुड्या बांधून दिल्या, साखरमिठाचं पाणी घोट घोट द्यायला सांगितलं. अर्धा तास बाकड्यावर झोपवून ठेवलं. उलटी थांबल्यासारखी वाटली.

"घेऊन जा आता," डॉक्टर मला म्हणाले. "रात्री झोप लागली की बरं वाटेल. ओहोटी लागायच्या आत निघा, नाहीतर चिखलातून न्यावं लागेल."

मला हुश्श व्हायला हवं होतं. झालंही, क्षणभर. कोणाला काही कळणार नव्हतं. रखमाजी आणि त्याचा भाऊ खुर्ची उचलायला वाकले. मी काकूंचा पदर सारखा करायला त्यांचा हात बाजूला केला, आणि तो हात मेलेल्या माशासारखा गार होता. नखं निळसर झाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. चल, अशी. किंवा बोलू नकोस, अशी. मला त्या वेळी कळलं नाही.

खुर्ची उंबऱ्याबाहेर गेली. मी त्यांच्या मागून उंबरा ओलांडला आणि मागे वळले.

"थांबा," मी म्हणाले. "डॉक्टर, भोपळा कडू होता."

डॉक्टर कपाट लावत होते. ते वळले. "काय म्हणालात?"

"दुधी. कडूजहर होता. यांनी तीनदा घेतली भाजी. वेल आपसूक उगवलेला होता. यांनी उपटायला सांगितला होता, मी नाही उपटला. मी खोटं बोलले यांच्याशी. आणि तुमच्याशी."

सगळं एका दमात बोलले मी, रखमाजीसमोर, बाकड्यावर बसलेल्या दोन बायांसमोर.

"आत आणा," डॉक्टर म्हणाले. "लवकर आणा आत."

त्यांनी रक्तदाबाची पट्टी पुन्हा बांधली, पारा खाली जाताना बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्धा तास आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. कडू दुधी म्हणजे नुसती चव नव्हे, बाई. रक्तदाब कोसळतो त्यानं. माणूस जातो." दोन्ही हातांना सलाईन लावलं. एका बाटलीची दोरी धरायला मला उभं केलं, कारण खुंटी एकच होती. पाऊण तासानं काकूंना पुन्हा उलटी झाली आणि त्यात रक्त होतं.

मी गप्प राहिले असते, तर तेव्हा आम्ही खाडीच्या मधोमध असतो. हे मला कोणी सांगितलं नाही. माझं मलाच कळलं, आणि मी बाटलीची दोरी दोन्ही हातांनी धरली.

सकाळी काकूंनी पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. आणखी दोन दिवस ठेवून घरी सोडलं.

मी घरी आल्या आल्या बदलीचा अर्ज लिहिला. या वेळी फाडला नाही. गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं. बाया विहिरीवर माझ्याकडे बघून बोलायच्या थांबत. पण अर्ज पाठवण्याआधी काकूंना सांगायला हवं होतं. चौथ्या दिवशी त्या खाटेवर उठून बसल्या तेव्हा मी उंबऱ्याशी उभी राहिले.

"काकू, तो वेल मी उपटला नव्हता."

"ठाऊक हाय."

"दवाखान्यात ऐकलंत?"

"पहिल्या घासाला कळलं. मांडवावरची बी माझी, निवडलेली. ती कडू निघायची नाय. आपसूक वेलाचा काय भरवसा नसतो, म्हणून उपटायचा." त्या थांबल्या. "का उपटायचा ते तुला कधी सांगितलं नाय मी."

"पहिल्या घासाला कळलं, तर मग खाल्लीत कशाला? तीन तीनदा?"

काकूंनी तोंड खिडकीकडे, परड्याकडे वळवलं.

"मरायला होतं असं मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "कडू खाऊन कोण मरतंय, असं वाटलं. तू पुढ्यात बसली होतीस. तीन महिने पावसात राबलीस. आणि मी तोंड वाकडं केलं असतं, तर तू गेली असतीस."

"कुठं?"

"तू दर रविवारी अर्ज लिहितेस आणि फाडतेस. तुकडे चुलीत टाकतेस. सगळे जळत नायत गो." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला वाटलं, सगळी भाजी संपवून टाकली की हिला कळणार पण नाय. मग राहील."

मी उंबऱ्यावर बसले. ज्या बाईला मी दीड वर्ष भीत होते, ती मला भीत होती.

"आणि डॉक्टरांपुढं?" मी विचारलं.

"तुझ्यावर नाव आलं असतं. सरकारी नोकरी तुझी." मग त्या एकदम चिडल्या, नेहमीसारख्या. "आणि तू गो? माझं ऐकून तू पण गप्प? मी म्हातारी, मला काय कळतंय. तुला बोलायला काय झालं होतं? एक भ्याली म्हणून खात बसली आणि एक भ्याली म्हणून गप्प बसली. तो भोपळा बिचारा काय करणार त्याला?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. अर्ज माझ्या हातात होता, तो त्यांना दिसत होता.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा चूल पेटलेली होती. काकू भिंतीला पाठ लावून चुलीपुढे बसल्या होत्या, आणि पेज शिजली होती. कोणी सांगितलं तुम्हाला उठायला, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. वाडग्यात पेज वाढून माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

मी एक घोट घेतला.

"कशी झालीय?" काकूंनी विचारलं.

मी घोट गिळला. छातीत तीच जुनी धडधड सुरू झाली.

"खारट झालीय, काकू," मी म्हणाले. "फार खारट."

काकूंनी चुलीच्या वैलावरचं गरम पाण्याचं तपेलं ओढून घेतलं, माझ्या वाडग्यात ओतलं आणि पळीनं ढवळलं.

"आता?"

मी पुन्हा घोट घेतला.

"अजून थोडं घाला," मी म्हणाले.

त्यांनी घातलं.